एका गाडीतले दोन वास

"दादा, नमस्कार. मी मुलुंडला राहते, ऑफिस अंधेरीला सीप्झजवळ. आठ महिन्यांपूर्वी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली, साध्या गिअरची. रोज गांधीनगरवरून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) धरते, पवईच्या गर्दीतून जाते आणि ऑफिसच्या पार्किंगचा उभा रॅम्प चढते. गेला दीड महिना गाडीतून करपट वास येतो, गाडी उभी केली की जास्त. सासरे म्हणतात, 'तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस.' मेकॅनिकनेही गाडी न बघताच तेच म्हटलं आणि क्लच प्लेट बदलायला सांगितली. पण परवा रविवारी पहाटे सहाला माहेरी, दादरला गेले. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे मोकळा होता, तरी उतरल्यावर तोच वास. भावाला तो पुढच्या डाव्या चाकाशी जास्त वाटला. गाडी थोडी डावीकडे ओढते म्हणून दोनदा अलाइनमेंट केली, फरक नाही. ॲव्हरेजही घटलंय. आणि हो, जुलैतल्या एका मोठ्या पावसात एसी, वायपर, दिवे सगळं चालू असताना प्लास्टिक जळल्यासारखा वास आला होता, पाचेक मिनिटांत गेला. तेव्हापासून ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, फक्त चारवर चालतो. एसी गार करतो, म्हणून राहू दिलंय. गाडी सोसायटीत गुलमोहराखाली असते, त्याचा काही संबंध नसावा. मागे सात वर्षांची मुलगी बसते आणि गणपतीला चिपळूणला जायचंय. क्लच प्लेट बदलू का? चूक माझीच आहे का?"

एक वाचक, मुलुंड


ताई,

क्लच प्लेटचे पैसे सध्या राहू द्या. आणि ब्लोअरचं बटण आज, हे वाचून झाल्या झाल्या, शून्यावर आणून ठेवा.

तुमच्या पत्रात वास दोन आहेत. पहिल्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, कारण तो रोज येतो आणि त्यावरून रोज बोलणी खावी लागतात. दुसरा एकदाच आला आणि गेला, म्हणून 'आणि हो' म्हणत पत्राच्या शेवटी उरला. मागच्या सीटवर मुलगी असते हे वाचलं आणि मी आधी त्या दुसऱ्याकडे वळलो.

प्लास्टिक जळल्याचा वास येतो तेव्हा बहुतेक वेळा वायरवरचं आवरण नाहीतर एखादा कनेक्टर वितळत असतो. गाडीतल्या जळक्या वासांपैकी या वासाला 'घरी पोहोचून बघू' म्हणायची सोय नाही. क्लच करपला तर गाडी ओढायची थांबते, तुम्ही रस्त्याच्या कडेला अडकता, एवढंच. वायर पेटली तर तिच्या शेजारी फोम, गालिचा, डॅशबोर्ड असं सगळं पेटणारंच सामान असतं.

तुम्ही मात्र न विचारता मोठा धागा हातात दिलाय: ब्लोअर फक्त चारवर चालतो. बटण फिरवायच्या साध्या एसीत चार नंबरवर बॅटरीची वीज थेट मोटरला मिळते. एक, दोन, तीनवर ती एका रेझिस्टरमधून जाते. तो थोडी वीज अडवतो म्हणून पंखा हळू फिरतो, आणि जेवढी अडवली तेवढ्याची उष्णता होते. तो तापणार हे ठरलेलंच असतं, म्हणून त्याला मुद्दाम हवेच्या वाटेत बसवतात. ब्लोअरचीच हवा त्याला गार ठेवते. ही हवा कमी पडली किंवा मोटर जड फिरू लागून जास्त करंट ओढू लागली, की रेझिस्टर भलताच तापतो आणि त्याच्या कनेक्टरचं प्लास्टिक वितळायला लागतं. शेवटी आतली तार नाहीतर फ्यूज तुटतो आणि एक-दोन-तीन बंद पडतात. चार चालू राहतो, कारण त्याच्या वाटेत रेझिस्टर नाहीच. तुमचा वास पाच मिनिटांत गेला त्याचं कारणही हेच असणार: जे जळायचं होतं ते जळून तुटलं.

आता गुलमोहर. संबंध आहे, आणि चांगलाच आहे. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी काळी जाळी असते, तिथून केबिनमध्ये बाहेरची हवा येते. गुलमोहराची पानं इतकी बारीक की ती त्या जाळीतून सहज आत जातात. दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत केबिन फिल्टर नसायचाच, त्यामुळे ती थेट ब्लोअरच्या पंख्यापर्यंत पोहोचतात. त्यात जेव्हीएलआरवरची मेट्रोच्या कामाची धूळ आणि वरून पाऊस. या सगळ्याचा लगदा होतो, पंखा जड होतो, हवा कमी होते. मी अशा ब्लोअरमधून मूठमूठ पानं काढली आहेत.

हे काम नेहमीच्या मेकॅनिकचं नाही, गाडीच्या इलेक्ट्रिशियनचं आहे. बहुतेक गाड्यांत डावीकडचा ग्लोव्ह बॉक्स खाली घेतला की मागे रेझिस्टर सापडतो. तो बाहेर काढून कनेक्टर तुमच्या डोळ्यांसमोर बघायला सांगा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, पिन काळी पडली असेल, तर नुसता नवा रेझिस्टर बसवू देऊ नका. जळलेल्या कनेक्टरची पकड सैल झालेली असते, आणि सैल जोड स्वतःच तापतो. कनेक्टरही वायरच्या तुकड्यासकट नवा लावायला हवा. मग ब्लोअर काढून साफ करायचा, हाताने फिरवून तो हलका फिरतो का बघायचं, आणि वायरभोवती पकडायच्या क्लॅम्प मीटरने मोटर किती करंट ओढते ते मोजायचं. मोटर खराब असेल आणि तुम्ही फक्त रेझिस्टर बदललात, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत मला पुन्हा असंच पत्र लिहाल.

एक गोष्ट कोणीही सुचवली तरी ऐकू नका. फ्यूज उडत असेल तर 'मोठा टाकून देतो' असं सांगणारे भेटतात. फ्यूजचा आकडा त्या वायरच्या जाडीवरून ठरलेला असतो. 20 अँपिअरच्या जागी 30 चा टाकला तर फ्यूज वाचतो आणि त्याच्या ऐवजी वायर जळते. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय जोडलंय हेही याच फेरीत बघून घ्या. मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर, जास्त वॅटचे दिवे. साध्या हेडलाइटचा बल्ब 60/55 वॅटचा असतो. त्या जागी 100/90 चा घातला तर त्याच जुन्या वायरीतून जवळपास पावणेदोनपट करंट जातो, आणि रिले (जास्त करंट वेगळ्या जाड वायरीतून नेणारा स्विच) न लावता घातला असेल तर होल्डर वितळलेला मी कितीदा पाहिलाय. बोनेट उघडून बॅटरीकडे बघा: काळ्या टेपने गुंडाळलेली, मध्ये फ्यूज नसलेली वायर थेट बॅटरीला लागली असेल तर ती आधी काढून टाका.

तोवर ब्लोअर चारवरही नको. चारची वीज त्याच जळलेल्या कनेक्टरमधून जात असण्याची शक्यता आहे. पण ब्लोअरशिवाय पावसात काच धुरकट होते आणि समोरचं दिसत नाही, तेही धोक्याचंच. म्हणून माझं सांगणं असं की हे काम होईपर्यंत दोन-तीन दिवस गाडी घरी ठेवा. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, पुढे सीप्झ. दगदग होईल, पण दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे.

आणि समजा पुन्हा कधी गाडी चालवताना तसाच वास आला, तर काय करायचं ते आत्ताच डोक्यात बसवून ठेवा. सगळ्यात आधी काचा खाली घ्या, अगदी पाऊस आत आला तरी. काचा विजेवर चालतात. बिघाड वाढला तर थोड्या वेळाने त्या खाली येणारच नाहीत. मग चारही इंडिकेटर लावून डावीकडे घ्या, थांबा, इंजिन बंद करून किल्ली काढा. मुलीच्या बाजूच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडत नाही, ते बाहेरून तुम्हालाच उघडावं लागेल. म्हणून तिला कायम डावीकडे बसवा, म्हणजे रहदारीच्या बाजूला उतरायची वेळ येणार नाही. पर्स, लॅपटॉप आत राहू द्या. गाडीपासून लांब, कठड्यापलीकडे जाऊन उभ्या राहा. धूर दिसत असेल तर बोनेट उघडायचं नाही. उघडलं की आत हवा जाते आणि धुमसणारं भडकतं. 101 ला फोन करा, किंवा 112 ला. धूर नसेल आणि नुसता वास असेल तर पाच-दहा मिनिटं थांबून बॅटरीचा निगेटिव्ह सोडवता येतो. बहुतेक गाड्यांत त्याला दहा नंबरचा पाना लागतो. तो डिकीत टाकून ठेवा. एक किलोचं पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर ड्रायव्हरच्या सीटखाली बसतं, तेही घ्या. त्याच्या काट्याकडे वर्षातून दोनदा बघत जा.

आता तुमचा रोजचा वास.

रविवारची गोष्ट लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार, कारण तिच्यामुळे बरंचसं कोडं सुटतं. पहाटे सहाला मुलुंडहून निघून शीवपर्यंत तुम्ही किती वेळा क्लच दाबला असेल? मोकळ्या हायवेवर वरच्या गिअरमध्ये गाडी सरळ चालते, क्लचला कामच नसतं. क्लचचा वास क्लचला छळलं तरच येतो: रॅम्पवर अर्धा दाबून गाडी तोलून धरली, चढावर रिव्हर्स घेतलं, पवईला एकेक फूट पुढे सरकलात. आणि मोकळा रस्ता मिळाला की काही मिनिटांत तो विरतो. तुमचा वास मोकळ्या रस्त्यावरून आल्यावरही राहिला, आणि एका चाकाशी जास्त होता. क्लच तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध असतो. त्याचा वास डाव्या चाकाशी जास्त का यावा?

गाडी डावीकडे ओढते, दोनदा अलाइनमेंट करूनही ओढते, ॲव्हरेज घटलंय. हे सगळं एकाच ठिकाणी बोट दाखवतं. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. तुम्ही पाय काढलात तरी त्या चाकाचे ब्रेक पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासत राहतात. त्यामुळे गाडी त्या बाजूला ओढली जाते, इंजिनाला तेवढं जास्त ओढावं लागतं, आणि मुलुंड ते दादर तो पॅड तापत तापत जातो. गाडी उभी केली की वारा थांबतो, म्हणून वास तेव्हा जास्त.

खात्री तुम्हीच करा, मेकॅनिककडे जायच्या आधी. ब्लोअरचं काम झाल्यावर एखाद्या सकाळी मोकळ्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी वापरून. सपाट जागी थांबून उतरा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ, वीतभर अंतरावरून, तळहात न्या. हात लावू नका; डिस्क तापलेली असली तर कातडी चिकटेल इतकी गरम असते. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, ते सोडा. पुढच्या डाव्याची तुलना पुढच्या उजव्याशी करा. डावीकडून तव्यासारखी धग येत असेल आणि उजवीकडे नुसती ऊब, तर शंका उरत नाही. रिमवर ब्रेकची काळी पूड कुठे जास्त साठलीय तेही बघा. गरम चाकावर पाणी मात्र ओतू नका. एकदम गार झाल्याने डिस्क वाकडी होते, कधी तडकते.

मुंबईत हा आजार फार दिसतो, आणि पावसाळ्यात तर जास्तच. कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्या पिनांना वंगण लागतं आणि त्यावर रबरी टोप्या असतात. टोपी फाटली की साचलेलं पाणी, चिखल, खारी हवा आत जाते, वंगण सुकतं, गंज चढतो, कॅलिपर अडकतो. कधी पॅड ढकलणारा पिस्टनच गंजतो. कधी ब्रेकची रबरी नळी आतून सुजते आणि तेलाला जायला देते पण परत येऊ देत नाही. ही तिसरी शक्यता बरेच जण विसरतात. कॅलिपर नवा घालतात, नळी जुनीच राहते, आणि वास महिन्याभरात परत येतो. तपासायची युक्ती सोपी आहे. चाक उचलून ते जाम असताना कॅलिपरवरचं ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडं सैल करायचं. चाक लगेच मोकळं झालं तर तेलाचा दाब अडकलाय, म्हणजे नळीकडे नाहीतर वर, पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे बघायचं. तरीही जामच राहिलं तर पिना नाहीतर पिस्टन. गॅरेजमध्ये हे शब्द वापरून विचारा. 'जळका वास येतो' एवढं सांगाल तर पुन्हा क्लचच ऐकायला मिळेल. 'पुढचं डावं चाक गरम होतंय, कॅलिपर उघडून पिना बघा, आणि निपल सोडून नळी तपासा' असं जॉब कार्डावर लिहून घ्या.

दुरुस्ती करताना पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे बदलायचे, एकाच बाजूचे नाही, नाहीतर ब्रेक मारताना गाडी पुन्हा एका बाजूला जाईल. तापून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, तो पुन्हा नीट पकडत नाही. पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. डॉट 3 या प्रतीचं नवं तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ती मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. चिकटलेल्या ब्रेकच्या उष्णतेने तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पेडल दाबलं की पाय थेट खाली जातो. सपाट पवईत एवढं होणार नाही. उतारावर होऊ शकतं. बाटलीवर आणि टाकीच्या झाकणावर जो नंबर असेल तोच वापरायचा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला बगल देणार नाही. मी तरुण होतो, कुर्ल्याला एका गॅरेजमध्ये कामाला होतो, तेव्हा एक बाई असाच वास घेऊन आल्या होत्या. उस्तादांनी गाडी उचललीच नाही. 'क्लच गेलाय' म्हणाले, आणि मी गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलली. जुनी प्लेट हातात घेतली तेव्हा ती चांगली जाड होती, मला दिसत होतं, आणि मी गप्प राहिलो. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. मागच्या चाकाची हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. त्यांना नाहक भुर्दंड पडला आणि घरी तितकेच दिवस टोमणे ऐकावे लागले. ती प्लेट मला अजून आठवते. म्हणून कोणी गाडी न बघता, नुसतं चालवणाऱ्याकडे बघून निदान केलं, की मला राग येतो.

तेव्हा नाही, या वासात तुमची चूक मला दिसत नाही. सासऱ्यांना पटवायचं असेल तर क्लचची परीक्षा दोघांनी मिळून करा. मोकळ्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेगही त्याच्यासोबत चढत गेला तर क्लच शाबूत. आवाज भसकन वाढला आणि गाडी जागच्या जागी आळसावली, तर प्लेट घसरतेय. त्यांचं म्हणणं पूर्ण सोडूनही देऊ नका. ऑफिसच्या रॅम्पवर पुढची गाडी थांबली की तुम्ही अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवता का? धरत असाल तर हँडब्रेक ओढायची सवय लावा. आणि क्लच लागत नसेल तेव्हा डावा पाय पेडलवरून उचलून बाजूला टेकवा. तुमचा पुढचा क्लच त्याने बरीच वर्षं टिकेल.

इतर वाचकांसाठी बाकीचे वास थोडक्यात. कढईत तेल करपल्यासारखा वास आणि बोनेटखालून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल गरम सायलेन्सरवर ठिबकतंय. बहुधा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलेलं असतं. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर ऑइल सांडलेलं असतं, फिल्टर सैल असतो किंवा ऑइलचं झाकणच लावायचं राहिलेलं असतं. गुळाच्या पाकासारखा गोडसर वास कूलंटचा. टेम्परेचरचा काटा बघा, चढत असेल तर थांबा, आणि इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्याने झाकण उघडताच उसळून अंगावर येतं. रबराचा वास आणि किंचाळणारा आवाज म्हणजे बेल्ट घसरतोय, आणि सोबत बॅटरीचा दिवा लागला तर बेल्ट बहुधा तुटलाय. पावसाळ्याआधी गाडीखाली गंजरोधक कोटिंग मारून घेतलं असेल तर सायलेन्सरवर उडालेले थेंब काही दिवस जळत राहतात. रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटली तरी दोन-चार दिवस असाच घोळ होतो, खाली वाकून बघितलं की दिसते. कच्च्या पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर गाडी चालू करून बघायचीच नाही.

आणि वास आपलाच आहे ना, हे आधी ठरवायचं. चेंबूर, माहुल, देवनारच्या बाजूला किंवा घाट उतरणाऱ्या ट्रकच्या मागे असाल तर बाहेरचाच वास आत येत असतो. एसीची हवा आतल्या आत फिरवायच्या बटणावर टाका आणि पुढे जा. जागा बदलल्यावर वास गेला तर तो तुमचा नव्हता.

चिपळूणचं विचाराल तर: जा, पण दोन्ही कामं झाल्यावर. कशेडीला आता बोगदा आहे, तरी परशुराम घाट उतरावाच लागतो, आणि गणपतीच्या गर्दीत तो पायाखालच्या ब्रेकवर उतरायचा नसतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक अधूनमधून मारा, सतत दाबून ठेवू नका. निघायच्या निदान आठवडाभर आधी दुरुस्ती संपवा, म्हणजे नव्या पॅडचा थोडा वास पहिल्या काही दिवसांत इथेच निघून जाईल आणि घाटात तुम्ही घाबरणार नाही. मग एका रविवारी पहाटे पुन्हा त्याच रस्त्याने दादरला जा. भावाला खाली बोलवा, दोघांनी चारही चाकांपाशी तळहात धरून बघा, आणि काय लागलं हाताला ते मला लिहून कळवा. ब्लोअरमधून किती पानं निघाली तेही लिहा.